मुलाचा ताबा न्यायालय कसे ठरवते: विभक्त होणाऱ्या आईवडिलांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्यासाठी येणारे बहुतेक पालक जोडीदाराविरुद्धच्या तक्रारींची जाडजूड फाईल घेऊन येतात, आणि न्यायाधीशांचे प्रश्न मात्र भलतीकडूनच सुरू होतात: मूल सकाळी किती वाजता उठते, डबा कोण भरते, शाळेच्या बसपर्यंत कोण सोडते, ताप आला तर कामावरून रजा कोण काढते, रात्री ते कोणाजवळ झोपते. संसार कोणामुळे मोडला याचा निवाडा घटस्फोटाच्या दाव्यात होतो. ताब्याच्या अर्जात न्यायालयाला एवढेच ठरवायचे असते की या मुलाचे पुढचे दिवस कोणाच्या घरी नीट जातील. हा फरक पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवला, तर अर्ज कसा लिहायचा, पुरावा कोणता जमवायचा आणि खटला चालू असताना कसे वागायचे, याची दिशा आपोआप मिळते. तो ध्यानात न राहिल्यामुळे चांगल्या, मायाळू पालकांच्या हातूनही प्रकरण निसटते.

पुढील माहिती महाराष्ट्रातील न्यायालयांची पद्धत समोर ठेवून, न्यायालयाची पायरी प्रथमच चढणाऱ्यांसाठी लिहिली आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला वेगळा कौटुंबिक कायदा लागू असल्याने तेथील रहिवाशांनी स्थानिक वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

कायद्याची चौकट

ताब्याच्या प्रकरणात प्रामुख्याने तीन कायदे एकत्र वाचले जातात. पहिला १८९० चा पालक व पाल्य कायदा. तो सर्व धर्मीयांना लागू आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये मुलाचे वय, लिंग, धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व क्षमता, नात्याची जवळीक आणि समज आलेल्या मुलाची इच्छा या गोष्टी विचारात घेण्यास सांगितले आहे. दुसरा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. त्याच्या कलम १३ नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष आहे. तिसरा १९५५ चा हिंदू विवाह कायदा, ज्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या किंवा न्यायिक विभक्ततेच्या चालू दाव्यातच मुलांच्या ताब्याचा, शिक्षणाचा आणि खर्चाचा आदेश मागता येतो. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न झाले असल्यास त्यातील कलम ३८ हेच काम करते. ख्रिस्ती आणि पारशी दांपत्यांसाठी त्यांच्या विवाहविषयक कायद्यांत तशाच तरतुदी आहेत. मुस्लिम कायद्यात लहान मुलांच्या संगोपनाचा आईचा अधिकार, म्हणजे हिजानत, मानला जातो. सुन्नी मुस्लिमांच्या हनफी परंपरेत तो मुलग्याच्या सातव्या वर्षापर्यंत आणि मुलीच्या वयात येण्यापर्यंत असतो, तथापि न्यायालय तेथेही शेवटी मुलाच्या हिताकडेच पाहते.

येथे ताबा आणि पालकत्व यांतला भेद समजून घेणे आवश्यक आहे. ताबा म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहणार हे. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा, मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार. १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असा क्रम लिहिला आहे, आणि केवळ यावरून अनेक वडील असे गृहीत धरतात की कायदा आपल्या बाजूचा आहे. गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या क्रमाचा अर्थ बदलून टाकला: वडील हयात असले तरी ते मुलाच्या देखभालीतून प्रत्यक्षात बाजूला असतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. या ‘सामान्यतः’ शब्दावर बरेच वाद झाले. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की इतके लहान मूल आईकडे राहणे त्याच्या हिताचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर असते; आई योग्य असल्याचे आईने सिद्ध करायचे नसते.

पाच वर्षांनंतर मात्र आईला किंवा वडिलांना कोणतीही जन्मजात आघाडी नसते. पाचव्या वाढदिवसाला मूल आपोआप वडिलांकडे जाते, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे.

अर्ज कोठे आणि कोणता करावा

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, पुण्यात शिवाजीनगरला, तसेच नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा अनेक ठिकाणी १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार स्थापन झालेली कौटुंबिक न्यायालये आहेत. जेथे ती नाहीत तेथे जिल्हा न्यायालयाकडे जावे लागते. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर ताब्याचा अर्ज त्याच दाव्यात कलम २६ खाली करणे सोयीचे असते. दावा नसेल, किंवा घटस्फोट नको आहे पण मूल हवे आहे अशी स्थिती असेल, तर पालक व पाल्य कायद्याखाली स्वतंत्र याचिका करावी लागते. मुंबई-पुण्याच्या न्यायालयांत तिला ‘डी पिटिशन’ म्हणतात. ही स्वतंत्र याचिका, कलम ९ नुसार, मूल सामान्यपणे जेथे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करायची असते. मुलाला आठ दिवसांपूर्वी माहेरी किंवा आजोळी नेले म्हणून ते गाव त्याचे ‘सामान्य राहण्याचे ठिकाण’ होत नाही. शाळा, मित्र, डॉक्टर, रोजचा पत्ता यांवरून ते ठरते. हा मुद्दा चुकला तर याचिका वर्षभर केवळ अधिकारक्षेत्राच्या वादातच अडकून राहते.

घरात हिंसाचार होत असेल, तर तिसरा मार्ग उपलब्ध आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडित महिलेला देऊ शकतात, आणि भेटीमुळे मुलाला अपाय होईल असे दिसल्यास भेट नाकारूही शकतात.

दुसऱ्या पालकाने मूल अचानक उचलून नेले, तर बहुतेकांचे पाय पहिल्यांदा पोलीस ठाण्याकडे वळतात. तक्रार जरूर नोंदवावी, कारण वेळेची नोंद राहते; परंतु तेथून मूल परत मिळेल अशी आशा धरून आठवडे घालवू नयेत. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना वडिलांनी स्वतःचे मूल आईकडून नेले, तर तो अपहरणाचा गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. अशा वेळी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा ताब्यात ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारी, याचिका करता येते, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे. ताब्याचा खोलवर तपास करायचा असल्यास उच्च न्यायालय साधारणपणे कौटुंबिक न्यायालयाकडेच पाठवते.

खर्चाबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पुरुषांना हीच मदत सामान्यतः उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते.

पहिले काही महिने सर्वांत महत्त्वाचे

नवख्या पालकाची सर्वांत मोठी गफलत येथे होते. अंतिम निकालाला वर्षे लागू शकतात, आणि तोपर्यंत मूल ज्या घरात स्थिरावलेले असते त्या घरातून त्याला उपटून काढायला कोणतेही न्यायालय सहजासहजी तयार होत नाही. त्यामुळे व्यवहारात अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेशच पुष्कळदा अंतिम आदेशाची दिशा ठरवतो. मुख्य याचिकेबरोबर त्याच दिवशी अंतरिम ताब्याचा अर्ज द्यावा आणि त्यातच, ताबा न मिळाल्यास निदान भेटीचा आदेश मिळावा, अशी पर्यायी मागणी लिहावी. पालक व पाल्य कायद्याचे कलम १२ न्यायालयाला असा तात्पुरता आदेश देण्याचा अधिकार देते. मुलाला परदेशी किंवा परराज्यात नेले जाण्याची खरी भीती असेल, तर परवानगीशिवाय अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट न्यायालयात जमा करावा, अशीही मागणी याच अर्जात करावी.

‘आधी वातावरण निवळू दे, मग भेटीचे बघू’ असे म्हणत सहा-सात महिने मुलाला न भेटलेले वडील पुढे न्यायालयात उभे राहतात, तेव्हा समोरचे वकील एकच प्रश्न विचारतात: इतके दिवस आपण कोठे होता? ज्या पालकाजवळ मूल नाही त्याने भेटीची मागणी लेखी करत राहावी, शाळेच्या पालकसभांना जात राहावे, वाढदिवसाला, सणाला काही ना काही पाठवत राहावे आणि या सगळ्याची नोंद ठेवावी. मुलाची फी आणि खर्च न मागता देत राहावा. ज्याच्याजवळ मूल आहे त्यानेही हे समजून घ्यावे की आदेश नसतानाच्या काळात भेट अडवणे हे पुढे स्वतःच्याच विरोधात वाचले जाते.

समुपदेशकांच्या समोर

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार आधी तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयावर बंधनकारक आहे, म्हणून पहिल्या काही तारखांतच प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जाते. नवख्या पालकांना हा टप्पा औपचारिक वाटतो आणि ते दहा मिनिटांत ‘आमचे काही जमणार नाही’ असे सांगून बाहेर पडतात. तसे करू नये. समुपदेशक नवरा-बायकोला पुन्हा एकत्र आणण्याचाच प्रयत्न करतात असे नाही. संसार टिकणार नाही हे उघड असेल, तर मुलाच्या भेटींचे वेळापत्रक, शाळा, सुट्ट्या याबाबत दोघांत समझोता घडवणे हेही त्यांचे काम आहे. शिवाय न्यायालय त्यांना मुलाशी बोलायला, दोन्ही घरे पाहायला आणि घरातील वातावरणाचा अहवाल द्यायला सांगू शकते.

गृहभेटीला समुपदेशक आले की लोक नवे पडदे लावतात, खेळणी मांडून ठेवतात. अहवालाला त्याचा उपयोग नसतो. मुलाला झोपायला आणि अभ्यासाला जागा कोठे आहे, दुपारी शाळेतून आल्यावर घरात कोण असते, आजी-आजोबा दुसऱ्या पालकाबद्दल मुलादेखत काय बोलतात, मूल त्या घरात मोकळेपणाने वावरते की पाहुण्यासारखे बसून राहते, हे पाहिले जाते. आपण दिवसभर कामावर असाल तर ते लपवू नये. पाळणाघर, आई किंवा शेजारच्या काकू यांच्या मदतीने आपण दिवस कसा बसवला आहे, ते वेळेनिशी सांगावे.

येथील कामकाज बंद दाराआड होऊ शकते, आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार वकील हा हक्क म्हणून उभा राहत नाही. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती बहुतेक वेळा मिळते. तरीही पुष्कळ प्रश्न थेट आपल्यालाच विचारले जातात, याची तयारी ठेवावी.

न्यायालय नेमके काय तोलते

मुलाचे कल्याण हा शब्द कागदावर फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्याची फोड बरीच साधी आहे. आजवर मुलाचे रोजचे करणे कोणी केले, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे सातत्य: शाळा, घर, भाषा, मित्रमंडळी, आजारपणातील डॉक्टर यांची घडी किती मोडेल. तिसरी, मुलाच्या वयाची आणि प्रकृतीची खास गरज. विशेष गरज असलेल्या मुलाची थेरपी, औषधे, विशेष शाळा हे सगळे कोण सांभाळत आले आहे. भावंडे असतील तर त्यांची ताटातूट शक्यतो टाळली जाते. पालकाचे व्यसन, हिंसक वागणूक, मानसिक आजारावर घेतलेले किंवा टाळलेले उपचार हेही तपासले जातात. उपचार घेणे हा दोष मानला जाऊ नये. ते सोडून देणे मात्र अंगलट येते.

आता ज्या गोष्टींवर पालक नको इतका जोर देतात त्यांच्याविषयी. ज्याची मिळकत जास्त त्याला ताबा, असा नियम नाही. कमी मिळवणाऱ्या आईला ताबा देऊन वडिलांना खर्च द्यायला सांगणे न्यायालयाला सहज शक्य असते. आई नोकरी करते म्हणून ती अपात्र ठरत नाही, तसेच वडील पुरुष आहेत म्हणून त्यांना वेणी घालता येणार नाही, डबा करता येणार नाही, असेही आता कोणी गृहीत धरत नाही, फक्त ते करत आले असल्याचे दिसावे लागते. पुनर्विवाह केल्याने ताबा आपोआप जात नाही. चारित्र्यावरच्या आरोपांबद्दल तर विशेष सावध राहावे. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण असू शकते, पण तेवढ्यावरून ताबा नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. जोडीदाराच्या खासगी आयुष्यावर वीस पाने आणि मुलाच्या दिनक्रमावर दोन ओळी, अशी याचिका न्यायाधीशांच्या मनात लिहिणाऱ्याविषयीच शंका निर्माण करते.

न्यायालय आणखी एक गोष्ट बारकाईने पाहते: कोणता पालक मुलाच्या मनात दुसऱ्याला जागा राहू देतो. मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी पद्धतशीर विष कालवण्याच्या प्रकाराची सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात गंभीर दखल घेतली आहे. ‘मी त्याला काही शिकवलेले नाही, तोच जायला तयार नाही’ हे वाक्य न्यायाधीशांनी असंख्य वेळा ऐकलेले असते.

पुराव्याची निवड याच अंगाने करावी. लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या, शाळेच्या डायरीवरील सह्या, पालकसभेच्या हजेरीची नोंद, शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर कोण उत्तरे देत आले, शाळेचा बोनाफाईड दाखला, पाळणाघराच्या बाईंचे किंवा शिक्षिकेचे शपथपत्र, असा साधा कागद जास्त बोलतो. व्हॉट्सअॅप संदेश किंवा फोटो जोडायचे असल्यास २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र वकिलांकडून तयार करून घ्यावे. कौटुंबिक न्यायालय पुराव्याबाबत काहीसे लवचीक असले तरी समोरून हरकत येतेच. मुलाला समोर बसवून ‘सांग, बाबा तुला मारायचे ना?’ असे विचारत केलेली चित्रफीत मात्र कधीही दाखल करू नये. ती पाहताना दिसते ते फक्त प्रश्न विचारणाऱ्याचे वागणे.

मुलावर खरोखर अत्याचार झाला असेल, तर यातले काहीही लागू नाही. अशा वेळी तत्काळ वैद्यकीय तपासणी, पोलिसांत तक्रार आणि न्यायालयाकडे केवळ देखरेखीखाली भेटीची किंवा भेट थांबवण्याची मागणी, हे एकाच वेळी करावे. खोटा आरोप मात्र तपासात उघडा पडतो, आणि तोवर मुलाला पोलीस, डॉक्टर, समुपदेशक यांच्यासमोर तेच तेच पुन्हा सांगत फिरावे लागते.

मुलाला विचारले जाते तेव्हा

किती वयाच्या मुलाचे ऐकायचे याचा आकडा कायद्यात नाही. समजून-उमजून पसंती सांगण्याइतके ते मोठे आहे का, हे न्यायाधीश ठरवतात. साधारण नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलाचे म्हणणे अधिक गंभीरपणे घेतले जाते आणि चौदा-पंधराव्या वर्षी ते डावलणे कठीण होते, पण त्या म्हणण्याने न्यायालय बांधले जात नाही.

ही भेट बहुधा न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये होते. काळा कोट समोर नसतो, आईवडील बाहेर बाकावर बसलेले असतात. सुरुवात शाळेतल्या आवडत्या विषयापासून, मैदानातल्या खेळापासून होते. कोणाकडे राहायचे हा प्रश्न पुष्कळदा थेट विचारलाच जात नाही. ‘माझ्या कल्याणासाठी मला आईकडे राहायचे आहे’ असे वाक्य सात वर्षांचे मूल बोलले, तर ते कोणाचे आहे हे ओळखायला न्यायाधीशांना वेळ लागत नाही. मुलाला आदल्या रात्री एवढेच सांगावे: उद्या एका काकांना किंवा ताईंना भेटायचे आहे, जे वाटते ते सांग, काहीही सांगितलेस तरी आम्ही दोघेही रागावणार नाही. परत आल्यावर ‘काय विचारले, तू काय सांगितलेस’ अशी चौकशीही करू नये.

भेटीचा आदेश नीट लिहून घेणे

ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याची भेट हा मुलाचाही हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे म्हटले की मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळायला हवे आणि ताबा नसलेल्या पालकाला फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे. आपल्या कायद्यात संयुक्त ताब्याची स्वतंत्र तरतूद नाही. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. तरीही दोघांची संमती असेल, तर न्यायालये संयुक्त पालकत्वाच्या अटी मान्य करतात.

पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ ‘योग्य वेळी भेट द्यावी’ अशा ढगळ वाक्यात असते. आपसांत अटी ठरत असतील, किंवा न्यायालयाला मसुदा सुचवायचा असेल, तर तो साधारण असा असावा:

‘वडिलांनी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता मुलीला आईच्या इमारतीच्या प्रवेशद्वारापासून न्यावे व रविवारी सायंकाळी ६ वाजता तेथेच परत आणून सोडावे. मुलगी आजारी असल्यास आईने आदल्या रात्री ९ वाजेपर्यंत डॉक्टरांच्या कागदासह कळवावे व ती भेट लगतच्या शनिवारी द्यावी. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला निम्मा भाग सम वर्षी वडिलांकडे व विषम वर्षी आईकडे असेल. गणेशोत्सवात प्रतिष्ठापनेच्या दिवशी मुलगी वडिलांकडे व गौरीपूजनाच्या दिवशी आईकडे असेल. दररोज रात्री ८ ते ८.१५ या वेळेत व्हिडिओ कॉल करता येईल. प्रगतिपुस्तक व वैद्यकीय कागदांच्या प्रती दोन्ही पालकांना मिळतील. परदेश प्रवासापूर्वी ३० दिवस आधी लेखी कळवून दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी घ्यावी.’

एवढे खोलात जाणे रुक्ष वाटेल. पण शनिवारी दहा वाजता फाटकाजवळ उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावरून दोन मोठी माणसे ‘दहा म्हणजे दहा’ आणि ‘साडेदहा झाले तर काय बिघडले’ असे भांडतात, तेव्हा त्या मसुद्यातली प्रत्येक ओळ तिला वाचवते. मूल खूप लहान असेल किंवा पालकाला बरेच दिवस भेटलेले नसेल, तर भेटी आधी न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत तास-दोन तासांच्या ठेवाव्यात, मग बाहेर दिवसभराच्या आणि मूल रुळले की रात्रीच्या मुक्कामाच्या, असा चढता क्रम मागावा. पहिल्या भेटीत मूल रडले म्हणून भेटच बंद करण्याचा अर्ज करू नये. तसेच पहिल्याच दिवशी मॉलमध्ये नेऊन खेळण्यांचा ढीग करू नये. त्या तासाभरात त्याच्याबरोबर चित्र रंगवत बसणारा पालक लवकर जवळचा होतो.

पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नये. भेट मिळत नाही म्हणून खर्च थांबवता येत नाही, आणि खर्च येत नाही म्हणून भेट रोखता येत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत. मुलांच्या खर्चाचा व शिक्षणाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्देशांनुसार दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर शपथपत्र द्यायचे असते. ते खरे भरावे, कारण लपवलेले उत्पन्न सापडले की बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

परदेशातील कुटुंबे

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आई किंवा वडील सुट्टीसाठी मुलाला पुण्याला घेऊन येतात आणि परत जातच नाहीत, अशी प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात नियमित येतात. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे तेथील न्यायालयाचा आदेश येथे आपोआप अमलात येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे, पण अंतिम कसोटी मुलाचे हितच. न्यायालय संक्षिप्त चौकशी करून मुलाला परत पाठवू शकते किंवा सविस्तर चौकशी करू शकते. येथे वेळ फार मोलाचा असतो. मूल येथे येऊन थोडेच दिवस झाले असतील आणि तिकडचा अर्ज तत्परतेने झाला असेल, तर परत पाठवण्याची शक्यता वाढते. मूल येथील शाळेत दोन वर्षे रुळले असेल, तर ती घटते. म्हणून तिकडच्या पालकाने दोन्ही देशांत एकाच वेळी वकील नेमावेत.

आदेश मिळाल्यानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत लगेच घ्यावी आणि शाळेला एक प्रत द्यावी, म्हणजे मुलाला न्यायला कोण येऊ शकते याबद्दल फाटकावर गोंधळ होत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ नुसार ३० दिवसांची मुदत आहे, आणि तोच हिशेब धरून चालावे. अंतरिम आदेशाविरुद्ध असे अपील होत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करतात.

समोरचा पालक आदेश पाळत नसेल, तर फाटकावर भांडू नये. ठरलेल्या वेळी जावे, मूल मिळाले नाही तर तेथूनच शांत शब्दांत संदेश पाठवावा, तारखांची वही ठेवावी आणि तीन-चार प्रसंगांनंतर त्या वहीसह आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज करावा. न्यायालय पोलिसांची मदत देऊ शकते, अवमानाची कारवाई करू शकते आणि सततच्या अडवणुकीमुळे ताबाही बदलू शकते.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. मुलांच्या गरजा बदलतात तसे हे आदेश बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून सांगितले आहे. घटस्फोट परस्परसंमतीने झाला आणि त्यात आपण ताबा सोडून दिला असला, तरी परिस्थिती खरोखर बदलल्यास नवा अर्ज करता येतो. पालकाची बदली, मुलाचे आजारपण, दहावीनंतर दुसऱ्या शहरात प्रवेश, ताबा असलेल्या पालकाचा मृत्यू ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बदलाचा अर्ज आदेश देणाऱ्या न्यायालयातच करावा, त्याला जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी आणि काय बदलले हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. मूल १८ वर्षांचे झाले की ताब्याचा आदेश संपतो. मुलीच्या निर्वाहाचा प्रश्न मात्र तेथे संपत नाही: १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार, स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा खर्च त्यानंतरही आईवडिलांवर राहतो.